खाडीची आवक-जावक : एका शैक्षणिक सहलीचा पाठ

नवी मुंबईतील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या बाजारपेठेचा दिवस मध्यरात्रीच सुरू होतो. नाशिकचा कांदा, नागपूरची संत्री, कोकणचा हापूस, जुन्नर-नारायणगावचा भाजीपाला असा माल घेऊन मालमोटारी तुर्भ्याच्या फाटकांशी येऊन उभ्या राहतात आणि पहाट होण्यापूर्वीच निम्मा माल गाळ्यांवर उतरलेला असतो. या परिसरास बोलीभाषेत सर्वत्र ‘एपीएमसी मार्केट’ असेच म्हटले जाते. येथील माथाडी, वारणार, मापाडी व लहान व्यापारी यांची मुले आसपासच्या शाळांतून शिकतात. ‘आवक’ आणि ‘जावक’ हे दोन शब्द त्यांना पाठ्यपुस्तकातून शिकावे लागत नाहीत. आवक वाढली की भाव उतरतो, आवक रोडावली की भाव चढतो, हा हिशेब ती घरातच ऐकत असतात.

या शाळांच्या निसर्ग सहली बहुधा पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात जातात. हे अभयारण्य १९६८ साली पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले. डोंगर, दाट झाडी व किल्ल्याचा सुळका यांमुळे ते मुलांच्या मनात घर करून राहते. परंतु त्यातून एक गैरसमजही रुजतो. अभयारण्य म्हणजे दूरचे, डोंगरातले आणि शहराशी संबंध नसलेले काहीतरी, अशी कल्पना दृढ होते. वस्तुतः एपीएमसी मार्केटपासून दहा-बारा किलोमीटरवर, ऐरोली येथे, दुसऱ्या एका अभयारण्याचे दार आहे. त्यात डोंगर नाही, वाघ नाही. आहे तो चिखल, खारे पाणी व कांदळवन. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य हे त्याचे नाव. शहराचे आणि वन्यजीवांचे नाते शिकवावयाचे असेल, तर बाजारपेठेतील शाळेस याहून उपयुक्त पाठ मिळणे कठीण.

अभयारण्याची ओळख

ठाणे खाडीच्या पश्चिम बाजूचा, ऐरोली पूल व वाशी पूल यांच्या दरम्यानचा सुमारे १,६९० हेक्टरचा प्रदेश २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आला. त्यात सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन असून उर्वरित भाग खाडीच्या पाण्याचा आहे. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे त्याची व्यवस्था आहे. हा कक्ष २०१२ साली स्थापन झाला. ऐरोली येथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र असून, तेथे प्रदर्शन पाहण्याची व नौकेतून खाडीत जाण्याची सोय आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्रांच्या रामसर यादीत झाला. नांदूर मधमेश्वर व लोणार यांच्यानंतर हा मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील तिसरे स्थळ ठरले.

ज्या पक्ष्यामुळे अभयारण्यास हे नाव मिळाले, त्या फ्लेमिंगोस मराठीत रोहित म्हणतात. अग्निपंख असेही नाव आहे. परंतु सहलीचा पाठ थेट पक्ष्यापासून सुरू न करता त्याच्या अन्नापासून आणि अन्नाच्या वाहतुकीपासून सुरू करणे श्रेयस्कर. त्यासाठी पहिला तास बाजारातच घ्यावा.

पहिला तास : बाजारात

सहलीच्या आदल्या आठवड्यात शिक्षकांनी विद्यार्थ्यांस बाजाराच्या एका विभागात न्यावे. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजीपाला व फळे असे येथे पाच बाजार आहेत. मुंबई शहरातील गर्दीच्या वस्त्यांतून हे घाऊक व्यवहार १९८० च्या दशकाच्या आरंभापासून १९९६ पर्यंत टप्प्याटप्प्याने येथे हलविण्यात आले. विद्यार्थ्यांनी वहीत दोन रकाने आखावेत : आवक व जावक. कोणता माल कोठून आला, कशातून आला (गोणी, पेटी, पाटी की क्रेट), केव्हा आला आणि येथून कोठे जाणार, हे विचारून लिहावे. शेवटी एक प्रश्न फळ्यावर लिहावा : जे विकले गेले नाही त्याचे काय होते? सडलेली फळे, भाजीचा पाला, धुण्याचे पाणी हीही जावकच आहे. मात्र तिची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही.

हीच वही सहलीच्या दिवशी बरोबर घ्यावी. रकाने तेच राहतील. बाजाराच्या जागी खाडी येईल.

दुसरा तास : तिथीची पाऊणपट

शाळेची सहल सामान्यतः सोयीचा वार, बसची उपलब्धता व परीक्षांचे दिवस पाहून ठरते. खाडीच्या सहलीस एवढे पुरेसे नाही, कारण खाडीचे स्वतःचे वेळापत्रक आहे. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि त्यांची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. चंद्राच्या आकर्षणामुळे हे घडते, हे विज्ञानाच्या पुस्तकात असतेच. कोकण किनाऱ्यावरील कोळी बांधवांनी हेच ज्ञान एका सोप्या हिशेबात बांधून ठेवले आहे : तिथीचा जो अंक असेल त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते.

उदाहरणार्थ, चतुर्थीस चारची पाऊणपट तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीस सहा वाजता. पौर्णिमेस व अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. इयत्ता सहावीच्या विद्यार्थ्यास हे गणित तोंडी करता येते. मुंबई बंदरापासून खाडीच्या आत शिरताना भरतीस काहीसा अधिक वेळ लागतो, म्हणून हा हिशेब आडाखा समजावा. नौकेची निश्चित वेळ केंद्राकडूनच घ्यावी व आगाऊ नोंदणी करावी. तरीही मुलांनी आधी स्वतः वेळ काढावी आणि मग ती केंद्राच्या वेळेशी ताडून पाहावी. पंचांग, भूगोल व अपूर्णांक हे तिन्ही विषय येथे एकत्र येतात.

या हिशेबाचे महत्त्व प्रत्यक्ष खाडीवर कळते. ओहोटीस खाडीच्या दोन्ही काठांवर चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि रोहित पक्षी त्यावर चरावयास उतरतात. त्या वेळी पाणी इतके उथळ असते की नौका रुतण्याचा संभव असतो. पूर्ण भरतीस नौका सहज चालते, परंतु चिखल पाण्याखाली गेल्याने पक्षी उठून विश्रांतीच्या जागी गेलेले असतात. म्हणून नौकाफेरीची योग्य वेळ या दोहोंच्या मधली असते. माघ शुद्ध पंचमी, म्हणजे वसंत पंचमी, सहलीस सोयीची दिसते. पाचची पाऊणपट पावणेचार. म्हणजे सकाळी पावणेदहा-दहाच्या सुमारास ओहोटी. सकाळी प्रदर्शन व कांदळवन पाहावे आणि पाणी चढू लागल्यावर, केंद्र सांगेल त्या वेळी, नौकेत बसावे. हा काळ रोहितांच्या मुक्कामाचाही असतो.

तिसरा तास : कांदळवन व चिखल

ओहोटीच्या वेळी कांदळवनाच्या कडेला उभे राहिले असता पहिली गोष्ट नजरेस येते ती जमिनीतून वर आलेली असंख्य टोके. शिसपेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी ती दिसतात. ही तिवराची श्वसनमुळे होत. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते. म्हणून तिवर आपली काही मुळे वर पाठवून हवा घेते. ठाणे खाडीत तिवराचेच प्राबल्य आहे. त्याच्या पानावरून बोट फिरवून जिभेस लावल्यास खारट चव लागते, कारण मुळांवाटे आलेले जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. मात्र पान न तोडता हा अनुभव घेण्यास विद्यार्थ्यांस सांगावे. २०२० साली महाराष्ट्राने पांढरी चिप्पी या कांदळवृक्षास राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला, ही माहितीही येथे द्यावी.

चिखलावर लहान मासे उड्या मारताना दिसतील. त्यांस निवटी म्हणतात. पाण्याबाहेरही काही काळ जगू शकणारा हा मासा आपल्या पुढच्या परांच्या आधाराने चिखलावर सरकतो. ज्याची एक नांगी दुसरीहून कितीतरी मोठी असते असा चिमुकला खेकडाही बिळाच्या तोंडाशी दिसेल. मुलांनी येथे आवकेचा रकाना भरावयास घ्यावा. भरतीबरोबर समुद्राकडून खारे पाणी, गाळ, माशांची व कोळंबीची पिल्ले येतात. जमिनीकडून नाल्यांचे गोडे पाणी, माती व कांदळीची गळलेली पाने येतात. पाने कुजतात, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांस किडे व शिंपले खातात. चिखल निरुपयोगी दिसतो खरा, परंतु तो खाडीचा धान्यबाजार आहे.

चौथा तास : दोन चाळण्या

खाडीत रोहितांच्या दोन जाती येतात. मोठा रोहित उंच, फिकट रंगाचा आणि गुलाबी चोचीचे टोक काळे असलेला. छोटा रोहित त्याहून ठेंगणा, अधिक गडद गुलाबी आणि काळपट-लाल चोचीचा. येथील थव्यांत छोट्या रोहितांची संख्या पुष्कळच अधिक असते. दोन्ही पक्षी मान वाकवून, चोच उलटी करून पाण्यात घालतात. चोचीच्या कडांना सूक्ष्म पट्ट्यांच्या रांगा असतात. जीभ पंपासारखी वेगाने पुढे-मागे होऊन पाणी आत ओढते व बाहेर टाकते. अन्न पट्ट्यांत अडकते.

धान्यबाजार पाहिलेल्या मुलास याचा उलगडा चटकन होतो. गव्हाची चाळण आणि रव्याची चाळण यांची भोके निराळी असतात. मोठ्या रोहिताची चाळण जाड. तिच्यात लहान कवचधारी प्राणी, अळ्या व शिंपले अडकतात. छोट्या रोहिताची चाळण अतिबारीक. तिच्यात शेवाळवर्गीय सूक्ष्म वनस्पती व निळे-हिरवे सूक्ष्मजीव अडकतात. एकाच चिखलावर दोघे शेजारी चरतात, तरी त्यांचे ग्राहकत्व वेगळे. शाळेत परतल्यावर पाण्यात राजगिरा व पीठ कालवून पिठाची चाळण आणि चहाचे गाळणे यांतून ते गाळून पाहावे, म्हणजे हा पाठ पक्का होतो.

पक्ष्यांचा रंगही याच अन्नातून येतो. पिल्ले करड्या रंगाची असतात. अन्नातील रंगद्रव्ये पिसांत साठत जाऊन दोन-तीन वर्षांत ती गुलाबी होतात. थव्यात करडे पक्षी दिसल्यास ते आजारी नसून तरुण आहेत, हे मुलांस सांगावे आणि त्यांची मोजणी स्वतंत्र करावयास लावावी.

हे पक्षी येथे घरटी करीत नाहीत. कच्छच्या रणात ते चिखलाचे लहान उंचवटे रचून त्यावर एकेक अंडे घालतात. साधारणतः नोव्हेंबरनंतर ते खाडीत येऊ लागतात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. २०२२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी सहा रोहितांवर संकेतयंत्रे बसवून त्यांच्या हालचालींचा माग घेतला, तेव्हा गुजरातच्या किनाऱ्याशी असलेले हे नाते नकाशावर प्रत्यक्ष दिसले.

पाचवा तास : संख्या आणि आरोग्य

येथपर्यंतचा पाठ आनंददायक आहे. यापुढचा कठीण आहे, आणि तो टाळल्यास सहल केवळ करमणूक ठरेल.

ठाणे खाडीच्या परिसरात रोहितांचे मोठे थवे येऊ लागले ते १९९० च्या दशकापासून. २०१९ च्या गणनेत त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेली. पक्षी वाढले म्हणजे खाडी सुधारली, असे उत्तर विद्यार्थी देतील. शिक्षकांनी येथे थांबून वहीचा आवकेचा रकाना पुन्हा वाचावयास सांगावे. नाल्यांतून खाडीत काय येते? सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या या खाडीच्या एका काठावर मुंबईची पूर्व उपनगरे, दुसऱ्या काठावर ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा व नवी मुंबई आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे उभारली गेली असली, तरी खाडीपर्यंत पोहोचणारे सारेच पाणी स्वच्छ नसते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद ही शेवाळाची खते होत. खत मिळाले की शेवाळ वाढते. शेवाळ वाढले की छोट्या रोहितास अन्न मिळते. रोहितांच्या वाढीमागे हेही एक कारण असावे, असे अभ्यासकांचे मत आहे.

याच पाण्यामुळे पाण्यातील प्राणवायू घटतो व मासळीस जगणे कठीण होते. खाडीकाठच्या गावांतील मच्छीमार मासळी घटल्याचे सांगत आले आहेत. कारखान्यांच्या पाण्यातून आलेले जड धातू चिखलात साठतात, ते डोळ्यांस दिसत नाहीत. म्हणजे एकच आवक एकास अन्न देते व दुसऱ्याचे अन्न हिरावते. बाजारातही एखाद्या मालाची आवक फार वाढली की ग्राहकास आनंद होतो, परंतु पिकविणाऱ्याच्या हाती काय उरले हे निराळे विचारावे लागते. त्याचप्रमाणे गुलाबी थवे ही खाडीच्या आरोग्याची पावती मानता येत नाही. मच्छीमाराच्या जाळ्यात काय येते, चिखलात निवटी व खेकडे किती आहेत, हेही विचारावे लागते. शक्य असल्यास खाडीकाठच्या एखाद्या वृद्ध मच्छीमारास वर्गात बोलावून, त्यांच्या तरुणपणी कोणती मासळी मिळत असे याची यादी मुलांनी लिहून घ्यावी. ती यादी प्रदर्शनातील कोणत्याही फलकाइतकीच मोलाची असेल.

सहावा तास : सीमेबाहेरचा विसावा

भरती आली की पक्षी जातात कोठे? हा प्रश्न नौकेतच विचारावा. अभयारण्याची सीमा नकाशावर आखलेली आहे. रोहितास ती ठाऊक नाही. चिखल पाण्याखाली गेल्यावर त्यास उथळ पाण्याची व निर्धास्त विश्रांतीची जागा लागते. नेरुळ, सीवूड्स व उरण या भागांतील पाणथळ जागा त्यासाठी उपयोगी पडतात आणि त्यांतील अनेक जागा अभयारण्याच्या बाहेर आहेत. नेरुळ येथील ‘डीपीएस तलाव’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावात २०२४ साली खाडीचे पाणी येण्याच्या वाटा बंद पडल्या व तलाव कोरडा होऊ लागला. त्या उन्हाळ्यात परिसरात काही रोहित मृत वा जखमी अवस्थेत आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपर परिसरात रात्री विमानाची थव्याशी धडक होऊन तिसाहून अधिक रोहित मृत्युमुखी पडले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली.

येथे विद्यार्थ्यांस बाजारातील एक साधी गोष्ट आठवावयास सांगावी. माल उतरविणारा माथाडी रात्रभर राबतो, परंतु त्यास दिवसा पाठ टेकण्यापुरती जागा नसेल, तर केवळ कामाची जागा उत्तम असून भागत नाही. रोहिताचेही तसेच आहे. चरण्याची जागा व विसाव्याची जागा मिळून त्याचे एक घर होते. पैकी एकच राखणे म्हणजे अर्धे घर राखणे होय. जमिनीची गरज शहरासही आहे. वाशी-तुर्भे परिसरातील काही सखल जमिनी पूर्वी खाडीच्या, मिठागरांच्या व भातशेतीच्या होत्या. तेथेच आज घरे व बाजार उभे आहेत. म्हणूनच उरलेल्या पाणथळ जागांचा निर्णय घेताना काय मिळते व काय जाते, हे दोन्ही रकाने समोर असावयास हवेत.

वही बंद करू नये

सहलीनंतर निबंध लिहून घेण्याची प्रथा सर्वत्र आहे. त्याऐवजी वा त्याबरोबर शाळेने एक नोंदवही ठेवावी. तिच्यात सहलीची तारीख व तिथी, हिशेबाने काढलेली व प्रत्यक्षातील भरतीची वेळ, ठरावीक अंतरात दिसलेल्या मोठ्या व छोट्या रोहितांची संख्या, करड्या पक्ष्यांची संख्या, कांदळीच्या मुळांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तू व त्यांचे प्रकार, एवढ्या बाबी पुरेत. प्लॅस्टिकच्या यादीत भाजीच्या पिशव्या, सुतळीऐवजी आलेल्या प्लॅस्टिकच्या दोऱ्या वा क्रेटचे तुकडे दिसल्यास, ते कोठून आले असावेत याचा विचार मुले आपोआप करू लागतील.

पुढील वर्षी नव्या वर्गाने त्याच तिथीस, त्याच वेळी, त्याच जागी जावे. तिथी तीच असल्याने भरती-ओहोटी जवळपास तीच असेल आणि त्यामुळे दोन वर्षांच्या नोंदींची तुलना न्याय्य ठरेल. पाच-दहा वर्षांत अशी वही केवळ शालेय वही राहत नाही. खाडीविषयी काही सांगू शकणारा तो एक दाखला होतो. बाजारपेठेतील प्रत्येक गाळ्यावर वर्षानुवर्षांच्या खातेवह्या जपून ठेवलेल्या असतात, कारण मागील वर्षाची आवक माहीत नसेल तर यंदाचा व्यवहार कळत नाही. खाडीची खातेवही मात्र फारच थोड्यांनी ठेवली आहे. ती ठेवण्याचे काम एपीएमसी मार्केटच्या मुलांहून अधिक चांगले कोण करू शकेल?